दादाचा पेपर

डॉक्टरचं प्रमोशन किती पेशंट बरे झाले यावर ठरत नाही, किती पेपर छापून आले यावर ठरतं. हे कळलं तेव्हा मी माझ्या सख्ख्या भावाला एक शॉर्टकट सुचवला होता. त्या शॉर्टकटची आणि कलकत्त्याच्या एका डॉक्टरची ही गोष्ट...

रविवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. रविवारी साडेआठला मला उठवायची हिंमत फक्त आईत आहे. त्यामुळे मी डोळे न उघडताच ‘हो गं, जेवते वेळेवर’ असं सांगून टाकलं.

‘अगं, मी बोलतोय,’ पलीकडून दादा. ‘एक विचारायचं होतं. तुझ्या ओळखीत कोणी पेपरवालं आहे का?’

‘दादा, मीच पेपरवाली आहे ना!’

‘तो पेपर नाही गं...’ असं म्हणून तो थांबला. माझा दादा बोलता बोलता थांबला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. आमच्या घरात लहानपणापासून पद्धतच अशी, की सगळ्यांनी दादाला अडचणी सांगायच्या आणि त्याने त्या सोडवायच्या. त्याने माझ्याकडे काही मागायची ही बहुधा पहिलीच वेळ.

दादा पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे तुमच्या रक्ताच्या रिपोर्टखाली ज्याची सही असते, तो डॉक्टर. एका जिल्ह्याच्या गावातल्या मेडिकल कॉलेजात तो शिकवतो. सकाळी लेक्चर, मग प्रॅक्टिकल, मग ढीगभर स्लाइड्स, संध्याकाळी रिपोर्ट. सात वर्षं असिस्टंट प्रोफेसर. यंदा त्याच्या मागून आलेला एक जण असोसिएट झाला आणि दादा होता तिथेच राहिला. इंटरव्ह्यूत त्याला म्हणे एकच प्रश्न विचारला, ‘पब्लिकेशन्स किती?’ दादाने खरं उत्तर दिलं. ‘एक.’ आणि तोही एमडी करताना सरांच्या नावामागे तिसऱ्या नंबरवर लागलेला.

‘मग आता?’ मी उठून बसले.

‘आता पुढच्या खेपेपर्यंत दोन तरी पाहिजेत. सगळे कुठून कुठून करून घेतात म्हणे. तू लिहिण्याच्या लाइनमध्ये आहेस, म्हणून विचारलं.’

आता खरं सांगते. मी अगदी त्याच लाइनमध्ये होते. दादाला ते माहीत नव्हतं, इतकंच.

रेट कार्ड

फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना हे सांगायला नको. पण दर महिन्याला ज्यांचा पगार बँकेत जमा होतो, त्यांच्यासाठी सांगते. फ्रीलान्स म्हणजे काम आज, चेक तीन महिन्यांनी. भाडं मात्र एक तारखेला! तीन वर्षांपूर्वी अशाच एका कडकीत मला एक काम मिळालं. उपनगरातलं छोटंसं ऑफिस, सहा कॉम्प्युटर, एक एसी आणि दारावर ‘एडिटिंग अँड पब्लिकेशन सपोर्ट’ अशी पाटी. काम काय, तर डॉक्टरांच्या पेपरचं इंग्लिश नीट करायचं. एका पेपरचे दीड हजार, तेही रोख. माझ्या मास कॉमच्या डिग्रीला इतका भाव कुठल्याच मासिकाने दिला नव्हता.

पहिले काही पेपर खरंच इंग्लिश सुधारायचे होते. मग हळूहळू नुसती टेबलं यायला लागली. त्यावरून ‘इंट्रोडक्शन’ लिही, ‘डिस्कशन’ लिही. एक दिवस एक टेबल ओळखीचं वाटलं. एकशे वीस पेशंट, तेवढेच पुरुष, तेवढ्याच बायका, पॉइंटनंतरचे आकडेसुद्धा तेच. महिन्याभरापूर्वी हेच टेबल मी दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्याच हॉस्पिटलच्या नावाने लिहून दिलं होतं. मी स्क्रीनकडे बघत बसले. शेजारच्या मुलाकडे बघितलं. तो हेडफोन लावून टाइप करत होता.

मी काय केलं? काही नाही. डिस्कशन लिहिलं, दीड हजार घेतले आणि दोन महिन्यांनी दुसरं काम मिळाल्यावर तिथे जाणं बंद केलं. कोणाला काही बोलले नाही.

त्यामुळे दादाने विचारलं तेव्हा कोणाला फोन करायचा हे मला पाठ होतं. सोमवारी दुपारपर्यंत रेट आला. केस रिपोर्ट नऊ हजार, ओरिजिनल आर्टिकल अठरा, पहिल्या नंबरवर नाव पाहिजे तर चार हजार जास्त. पंधरा दिवसांत छापून हातात. ‘मॅडमचे भाऊ’ म्हणून दहा टक्के डिस्काउंट. ॲडव्हान्स शुक्रवारपर्यंत.

मी ते सगळं दादाला व्हॉट्सॲप केलं आणि खाली लिहिलं, ‘करून टाक. सगळेच करतात.’

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

डॉक्टरांचं अप्रेझल

हे सगळं आहे काय, ते जरा समजून घेऊ. आपल्या ऑफिसात मार्च आला की काय होतं? वर्षभर तुम्ही कोणाचं काम सांभाळून घेतलंत, कोणत्या क्लायंटला शांत केलंत, हे सगळं बाजूला राहतं आणि एका फॉर्मवर पाचपैकी साडेतीन असा आकडा येतो. डॉक्टर आणि सायंटिस्ट लोकांचंही तसंच. फक्त त्यांच्या फॉर्मवर रकाने वेगळे असतात. पेपर किती, साइटेशन किती, इम्पॅक्ट फॅक्टर किती, एच-इंडेक्स किती.

यातलं मुळात साधं आणि सुंदर आहे ते साइटेशन. एखाद्याने आपल्या पेपरात लिहिलं, की ही गोष्ट मला अमक्याच्या पेपरवरून कळली, की अमक्याच्या खात्यात एक साइटेशन जमा. थोडक्यात, ‘याचं काम नसतं तर माझं अडलं असतं’ अशी जाहीर कबुली. कोणी कोणाला साइट केलं याची पद्धतशीर वही ठेवायला सुरुवात केली अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी. फिलाडेल्फियातल्या त्यांच्या संस्थेने १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला. हेतू हा, की एका पेपरचा धागा पकडून पुढचे-मागचे पेपर शोधता यावेत. इम्पॅक्ट फॅक्टरही त्यांच्याच डोक्यातून निघाला. एखाद्या जर्नलमध्ये आधीच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती साइटेशन मिळाली, तो आकडा. म्हणजे तो जर्नलचा मार्क आहे, डॉक्टरचा नाही. पण आपल्याकडे कॉलेजच्या नावावरून मुलगा हुशार ठरतो ना, तसंच ते झालं. हे थांबवा, असा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संशोधकांनी काढलासुद्धा.

एच-इंडेक्स त्या मानाने नवा. २००५ मध्ये हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या फिजिक्सवाल्याने काढलेला. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं, तर दहा मॅचमध्ये प्रत्येकी किमान दहा रन काढले, की तुमचा एच दहा. पण एकाच मॅचमध्ये त्रिशतक ठोकलं आणि बाकी कधी बॅटिंगच मिळाली नाही, तर एच फक्त एक!

आकडा आला की आकडा विकणारेही येतात. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक खोटा पेपर थोड्या थोड्या फरकाने ३०४ जर्नल्सकडे पाठवला. १५७ जर्नल्सनी तो चक्क स्वीकारला. त्याची ही हकिगत ‘सायन्स’ मासिकात आली तेव्हा अशा जर्नल्सचा मोठा गठ्ठा भारतातून चालतो, हेही सगळ्यांना कळलं. आपल्याकडे २०१५ मध्ये त्या वेळच्या मेडिकल कौन्सिलने नियम कडक केले. प्रमोशनसाठी पेपरवरची पहिली दोनच नावं धरायची, असं ठरलं. पुढे नियम बदलत गेले, पण नाव वर असण्याची किंमत राहिलीच. माझ्या जुन्या ऑफिसच्या रेट कार्डावर पहिल्या नंबरला चार हजार जास्त का, ते आता कळलं?

गवती चहा आणि एक ससा

फ्रीलान्सरची एक वाईट खोड असते. घरात अडचण आली की त्यातही स्टोरी दिसते. मंगळवारी मी एका एडिटरला ‘पेपर विकणाऱ्या दुकानांवर लेख देऊ का?’ असं विचारून टाकलं आणि बुधवारी संध्याकाळी परळला एका निवृत्त सरांच्या घरी जाऊन बसले. ऐंशीच्या घरातले, उभा जन्म पॅथॉलॉजी शिकवण्यात गेलेला. त्यांनी स्वतः गवती चहा केला. मी ‘ओळखीतल्या एका डॉक्टरांची’ अडचण सांगितली. माझा स्वतःचा धंदा अर्थातच सांगितला नाही.

सर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, ‘शंभुनाथ डे माहीत आहेत का तुला?’

‘नाही सर.’

‘पॅथॉलॉजीवर लिहायला निघालीस आणि डे माहीत नाहीत? मग चहा घे आणि ऐक.’

१८८३ च्या अखेरीस रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आला. कॉलरा ज्याच्यामुळे होतो तो स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्याने इजिप्तनंतर इथेही शोधला आणि एक अंदाज बांधला, की हा जंतू काहीतरी विष सोडत असणार. पण ते विष पुढची पंचाहत्तर वर्षं कोणाला दाखवता आलं नाही. लोक प्राण्यांच्या शिरेत जंतू टोचत, पोटाच्या पोकळीत टोचत. प्राणी मरत, पण कॉलऱ्यासारखे जुलाब काही होत नसत.

शंभुनाथ डे बंगालच्या हुगळी जिल्ह्यातले, जन्म १९१५ चा. कलकत्त्याला डॉक्टर झाले, लंडनला जाऊन पीएचडी केली आणि १९४९ मध्ये परत आले. तिकडे राहिले नाहीत. कॉलरा इथे होता, म्हणून तेही इथेच. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. पेशंटचं पाणी आतड्यातून जातंय, तर आपण शिरेत काय शोधतोय? आतड्यातच बघू या की! सशाला भूल देऊन त्याच्या आतड्याचा छोटासा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा, त्या बांधलेल्या पिशवीत कॉलऱ्याचे जंतू सोडायचे, पोट शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. दुसऱ्या दिवशी ती पिशवी पाण्याने टम्म फुगलेली. पाणी कसलं, तर कॉलऱ्याच्या पेशंटला होतात तसल्या भाताच्या पेजेसारखं. हे त्यांनी १९५३ मध्ये डी. एन. चॅटर्जी यांच्याबरोबर छापलं. दोरा, सुई आणि ससा. यात महाग मशीन कुठलं, सांगा!

मग पुढची पायरी. जंतू वाढवलेलं पाणी गाळून घेतलं. एकही जंतू त्यात राहू दिला नाही. ते नुसतं पाणी सशाच्या आतड्यात सोडलं. पिशवी तशीच फुगली. म्हणजे जंतू नाही, जंतूने सोडलेलं विष हे काम करतंय! ३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये हा पेपर आला. दोन पानांचा. लेखक एकच. एस. एन. डे.

‘दोन पानं,’ सरांनी दोन बोटं दाखवली. ‘तुझ्या त्या दुकानात दोन पानांचे किती पडतात?’

मी चहाचा कप तोंडाला लावला.

खिडकीतून दिसणारं हाफकिन

‘आणि मुंबईचं ऐकायचंय?’ सर खिडकीपाशी गेले. परळमध्ये राहणाऱ्या सगळ्यांसारखी मीही हाफकिनच्या भिंतीवरून हजार वेळा गेले असेन. एके काळचा गव्हर्नरचा बंगला, तिथे १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लॅब आली, एवढं शाळेच्या सहलीत ऐकलेलं. त्यापुढे काही नाही.

त्याच १९५९ मध्ये, डेंच्या पेपरनंतर काही महिन्यांत, हाफकिनमधूनही एक पेपर आला. तोही दोनच पानांचा. नावं होती दत्ता, पानसे आणि कुलकर्णी. त्यांची पद्धत वेगळी. सशाची अगदी कोवळी पिल्लं घेतली आणि कॉलऱ्याच्या जंतूंपासून काढलेल्या अर्काने त्यांना कॉलऱ्यासारखे जुलाब होतात, हे दाखवलं. दोन शहरं, दोन पद्धती, निष्कर्ष एकच. सर पानसे आणि कुलकर्णी ही नावं असं म्हणाले, जणू खालच्या मजल्यावर राहतात.

‘पुढे काय झालं सर? सगळीकडे बोलबाला?’

‘कसला बोलबाला! पहिली काही वर्षं फारशी कोणी दखलच घेतली नाही.’

१९६० च्या दशकात चित्र बदललं. कॉलऱ्याची साथ पुन्हा जगभर पसरायला लागली आणि अमेरिकेतल्या लॅब कामाला लागल्या. तेव्हा डेंची बांधलेल्या आतड्याची पद्धत आणि तो दोन पानांचा पेपर शोधून काढण्यात आला. १९६९ मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पाल्युटो या दोघांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते आतड्याच्या पेशींना पाणी सोडायला कसं लावतं, ते कळलं. पुढे त्या विषाचाच एक निरुपद्रवी भाग वापरून तोंडाने घ्यायची लस निघाली. आणि आतडं कितीही पाणी सोडत असलं, तरी साखर-मीठ एकत्र शोषून घ्यायची त्याची वाट चालू राहते, हे इतरांनी दाखवलं. त्याच जोरावर १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपल्यावर साखर-मिठाचं पाणी पाजून माणसं वाचवली. तुमच्या-माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेला ओआरएसचा पुडा हा त्याचाच नातेवाईक.

इकडे डे कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकवत राहिले आणि १९७३ मध्ये निवृत्त झाले. भारतातला एकही मोठा पुरस्कार नाही. आपल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. १९७८ मध्ये स्टॉकहोमला कॉलऱ्यावर नोबेल सिंपोझियम भरलं, त्याचं आमंत्रण मात्र आलं. तिथे ते म्हणाले, की साठच्या दशकापासून मी मेल्यात जमा होतो, तुम्ही मला उकरून बाहेर काढलंत. जोशुआ लेडरबर्ग यांच्यासारख्या नोबेल विजेत्याने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. मिळालं नाही. १५ एप्रिल १९८५ ला ते गेले.

‘आणि आता गंमत ऐक,’ सर म्हणाले. ‘त्यांच्यावर पहिला मोठा लेख कोणी लिहिला असेल?’

डे गेल्यावर वर्षभरात, १९८६ मध्ये, तो लेख लिहिला युजीन गारफिल्ड यांनी. हो, तेच ते मोजणीवाले! त्यांनी कॉलऱ्याच्या संशोधनाचा साइटेशनवरून नकाशाच काढला. कोणाच्या पेपरातून कोणाचा निघाला, कोण कोणाच्या खांद्यावर उभं. आणि त्या नकाशात कलकत्त्याचा हा माणूस ठळक दिसला. नंतर १९९० मध्ये बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ने डेंवर खास अंक काढला.

मी तिथे गेले होते आकड्यांना शिव्या घालणारा लेख लिहायला. आणि हे काय उलटंच निघालं? ज्या माणसाला त्याच्या देशातल्या कमिट्यांनी ओळखलं नाही, त्याला एका मोजणाऱ्याने ओळखलं. कारण कमिटीत ओळखपाळख चालते. साइटेशनची वही मात्र अनोळखी माणसं लिहीत होती. बाल्टिमोरच्या, ढाक्याच्या, कुठकुठल्या लॅबमध्ये बसलेली. त्यांना डेंचं काही देणं नव्हतं. त्यांचं काम डेंवाचून अडत होतं, एवढंच.

‘मोजण्यात वाईट काही नाही गं,’ सर म्हणाले. ‘पण ती मोजणी उशिरा होते. झाड लावल्याच्या दुसऱ्या वर्षी आंबे मोजायला बसलं, की बाजारातून आणून फांदीला बांधावे लागतात.’

निघताना दारात त्यांनी विचारलं, ‘तुझ्या त्या ओळखीतल्या डॉक्टरांकडे स्वतःचं काही आहे का? एखादी वही, काही केसेस?’

हा प्रश्न मी दादाला विचारलाच नव्हता. रेट आधी विचारला.

एकशे वीस पेशंट

गुरुवारी रात्री मी दादाला फोन केला. ॲडव्हान्सचा शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता.

‘भरलेस का पैसे?’

‘नाही अजून.’ मग तो थांबला. ‘एक सांग. तुला अर्ध्या दिवसात रेट कसा मिळाला?’

मग मी सांगितलं. सहा कॉम्प्युटर, एक एसी, दीड हजार. ते टेबलसुद्धा सांगितलं. मला वाटलं होतं, दादा ओरडेल. तो ओरडला नाही. त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, ‘ते एकशे वीस पेशंट कुठले होते?’

‘कुठलेच नव्हते.’

‘त्यात औषध होतं का कुठलं?’

‘होतं.’

‘आणि उद्या कोणी ते वाचून तो डोस दिला तर?’

खरंच सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी स्वतःला सांगत होते, की हे पेपर कोणी वाचत नाही, त्यांना साइटेशन शून्य, प्रमोशनच्या फाइलला टाचण्यापुरते असतात, कोणाचं काय जातं? पण पेपर खोटा आहे हे पेपरवर लिहिलेलं नसतं. खऱ्या पेपरांच्या शेजारी तो तसाच उभा असतो, त्याच फॉन्टमध्ये. आणि त्याचं इंग्लिश चांगलं होतं. ते मी केलं होतं.

बराच वेळ दोघंही गप्प. मग मी सरांचा प्रश्न त्याला विचारला. ‘दादा, तुझ्याकडे स्वतःचं काही आहे का?’

‘माझ्याकडे काय असणार? रोजचंच सगळं.’ आणि मग जरा वेळाने, ‘एक वही आहे. सिकलसेलची.’

त्याच्या भागात सिकलसेलचे पेशंट बरेच. लालपेशी विळ्यासारख्या वाकतात, तो रक्ताचा आनुवंशिक आजार. मायक्रोस्कोपखाली तशी स्लाइड दिसली, की दादा त्या वहीत नोंद करत आला होता. मूल किती वर्षांचं, त्याआधी किती ठिकाणी दाखवलं, काय औषध दिलं होतं. वर्षानुवर्षांच्या नोंदी. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. मुलाला फिकं बघून ‘रक्त कमी आहे’ म्हणायचं आणि लोहाच्या गोळ्या द्यायच्या. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. सिकलसेलची साधी तपासणी व्हायला कितीतरी वर्षं जायची.

‘दादा, हाच पेपर आहे ना!’

‘हा कसला पेपर? यात नवीन काय आहे? आमच्या इथे सगळ्यांना माहीत आहे.’

‘तुमच्या इथे. बाकीच्यांना कुठे माहीत आहे?’

शुक्रवार गेला. पैसे भरले नाहीत. त्या ऑफिसातून मला तीन मिस्ड कॉल आले.

दिवाळीच्या फराळावर

पुढचं काही सिनेमासारखं झालं नाही. आधी एथिक्स कमिटीची परवानगी, त्यात दोन महिने. वहीतल्या अर्ध्या नोंदी अपुऱ्या निघाल्या, त्या दादाने स्वतःच काढून टाकल्या. मी म्हटलं, ‘अरे, आकडा कमी होतोय!’ त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी चकलीचा तुकडा मोडून गप्प बसले. दिवाळीच्या सुट्टीत आईच्या डायनिंग टेबलावर दोन लॅपटॉप, मधे फराळाचं ताट. तो आकडे मांडायचा, मी वाक्यं. या वेळी प्रत्येक वाक्याला तो विचारायचा, ‘हे आपल्याला खरंच माहीत आहे का?’ मास कॉमच्या दोन वर्षांत मला हा प्रश्न इतक्या वेळा कोणी विचारला नसेल.

पहिल्या जर्नलने चार दिवसांत परत पाठवला. दुसऱ्याने पाच महिन्यांनी. त्या वेळी मात्र सोबत एका अनोळखी तपासनिसाची दीड पानाची टिपणं होती. इतकी बारीक, की दादा ती वाचून खूश झाला. परत आलेल्या पेपरवर खूश होणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. ‘अगं, कोणीतरी नीट वाचलंय!’ तिसऱ्या ठिकाणी छापून आला. मोठं जर्नल नाही, पण खरं.

तोपर्यंत इंटरव्ह्यूची आणखी एक फेरी निघून गेली होती. पुन्हा दादा राहिला. त्या वेळी मला झोप लागली नाही. सरांची आणि डेंची गोष्ट सांगून मी त्याचं नुकसान तर केलं नाही ना? दोन पेपर विकत घेतले असते, तर तो आज असोसिएट असता, वहिनीला दिलेला जागेचा शब्द पाळता आला असता. गोष्ट ऐकताना छान वाटते हो, पण होम लोनवाल्याला डेंची गोष्ट चालत नाही. हे मी दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘दुसऱ्या पेपरच्या नोंदी चालू केल्यात. तू दिवाळीला येणार आहेस ना?’ संपला विषय.

आणि तो लेख, पेपर विकणाऱ्या दुकानांवरचा? तो मी लिहिला नाही. लिहायचा तर त्यात माझा दीड हजारांचा भाग लिहावा लागला असता. तो आज लिहिला, या लेखात. त्या जुळ्या टेबलाबद्दल मी दोन्ही जर्नल्सना मेलही पाठवली आहे. एकाची पोच आली. दुसऱ्याची वेबसाइटच बंद पडली आहे.

गेल्या महिन्यात रात्री अकराला दादाचा फोन आला. रात्री अकराला दादा? माझ्या पोटात गोळाच आला.

‘काय झालं? आई बरी आहे ना?’

‘आई झोपली. अगं... एक आलं.’

‘काय आलं?’

‘साइटेशन!’

‘स्वतःच स्वतःला केलेलं धरत नाहीत हं दादा.’

‘नाही गं! ओडिशातल्या एका डॉक्टरीणबाई आहेत. मी ओळखतसुद्धा नाही त्यांना. त्यांच्याकडेही मुलांना आधी लोहाच्या गोळ्याच देतात म्हणे. त्यांनी आता रक्त कमी असलेल्या प्रत्येक मुलाची सिकलसेल तपासणी सुरू केलीय. त्यात आपला पेपर दिलाय, अकराव्या नंबरला.’

मग तो ते वाक्य मला वाचून दाखवायला लागला. दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी मधेच थांबला. पण दादा थांबला म्हणजे प्रकरण गंभीर, असं या वेळी मला वाटलं नाही.